संख्यांना शेवट आहे काय?

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, पवना नदीच्या खोऱ्यात, शिरगाव नावाचे एक गाव आहे. पुण्याहून मुंबईकडे जाणारा हमरस्ता आणि लोहमार्ग या गावापासून फार दूर नाहीत. अलीकडे या गावाचे नाव दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाले आहे, ते तेथील साईबाबांच्या मंदिरामुळे. परंतु मावळची जुनी ओळख विचाराल, तर ती भाताची. आषाढात लावणी होते, श्रावणसरींनी खाचरे तुडुंब भरतात आणि पुढे कार्तिकाच्या सुमारास सारे शिवार सोनेरी होऊन जाते. मळणी झाल्यावर खळ्यावर भाताची रास पडते. त्या राशीकडे पाहून तुम्हांला जर कोणी विचारले, की ‘यात दाणे किती?’ तर तुम्ही बहुधा हसून सांगाल, ‘असंख्य!’

हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण ते खरे नाही. असंख्य म्हणजे ज्याची संख्या सांगता येत नाही ते. राशीतील दाण्यांची संख्या मात्र सांगता येते. ती मोजण्याचा कंटाळा आपल्याला येतो, एवढेच. आपण हिशेबच करून पाहू. भाताच्या एक हजार दाण्यांचे वजन साधारणतः वीस ते पंचवीस ग्रॅम भरते. पंचवीस ग्रॅम धरले, तर एका किलोग्रॅममध्ये चाळीस हजार दाणे झाले. समजा, एखाद्या गावात एका हंगामात एक हजार क्विंटल भात पिकले. एक हजार क्विंटल म्हणजे एक लक्ष किलोग्रॅम. तेव्हा त्या गावचे सारे दाणे मिळून झाले चारशे कोटी. दर सेकंदास एक दाणा याप्रमाणे रात्रंदिवस न थांबता कोणी मोजीत बसला, तर त्याला सुमारे सव्वाशे वर्षे लागतील. त्याच्या नातवाला मोजणी पुरी करावी लागेल हे खरे. पण मोजणी पुरी होईल! एक दाणा शेवटचा येईल, त्याचा क्रमांक पुकारला जाईल, आणि खळे रिकामे होईल.

म्हणून ‘फार मोठे’ आणि ‘न संपणारे’ या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद ज्याला नीट कळला, त्याला या पाठातील निम्मे कळले. दाणे संपतात. मग ज्या संख्यांनी आपण ते दाणे मोजले, त्या संख्याही कोठेतरी संपतात काय?

मोठमोठ्या संख्यांची आपल्या पूर्वजांना विलक्षण हौस होती. मावळातच याचा पुरावा आहे. शिरगावाहून पश्चिमेकडे, लोणावळ्याच्या अलीकडे, कार्ल्याची प्रसिद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या दानाचा एक लेख कोरलेला आहे. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. उषवदाताने तीन लक्ष गाई दान दिल्या, सोळा गावे दिली, आणि तो दरवर्षी एक लक्ष लोकांना भोजन घालीत असे, असे त्यात म्हटले आहे. गाई खरोखरच कोणी मोजल्या होत्या की नाही, याची शंका मनात येते. परंतु आपल्याला येथे गाईंशी कर्तव्य नाही, शब्दाशी आहे. या लेखात ‘लक्ष’ हा शब्द नाही. तेथे आहे ‘शतसहस्र’, म्हणजे शंभर हजार. हाताशी असलेली दोन नावे एकापुढे एक ठेवून त्या लोकांनी तिसरे, मोठे नाव तयार केले.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा याहूनही जुना शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या वेळी दिलेल्या दक्षिणांची यादी असून तिच्यात संख्या अंकांनी लिहिलेल्या आहेत. भारतात अंकांनी लिहिलेल्या ज्या अतिप्राचीन संख्या सापडतात, त्यांत यांची गणना होते. त्यांतील एक संख्या २४,४०० आहे. ही संख्या आपण लिहितो तशी मात्र तेथे लिहिलेली नाही. त्या काळी एकापासून नवापर्यंत चिन्हे होती, पण दहासाठी वेगळे चिन्ह, विसासाठी वेगळे, ऐंशीसाठी वेगळे, शंभरासाठी वेगळे आणि हजारासाठी आणखी वेगळे! शून्य तेथे नव्हते. आता विचार करा. अशा पद्धतीत संख्या वाढू लागली, की कधी ना कधी नवे चिन्ह शोधावे लागणारच. चिन्हे संपली, की लेखकाचा हात थांबला.

नावांचीही गत तीच. भास्कराचार्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या या थोर गणितज्ञाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ. स. १२०७ मधील एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला, असे त्यात सांगितले आहे. ‘लीलावती’च्या आरंभी भास्कराचार्यांनी संख्यांच्या स्थानांची अठरा नावे दिली आहेत. ती अशी: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या दसपट. अठरावे नाव परार्ध. म्हणजे एकावर सतरा शून्ये. केवढी ही संख्या! भाताचे परार्ध दाणे एकत्र केले, तर आपल्या मघाच्या हिशेबाने त्यांचे वजन अडीचशे कोटी टन भरेल. साऱ्या जगात आजकाल वर्षाकाठी जेवढे भात पिकते, त्याच्या सुमारे तिप्पट!

या नावांच्या यादीत एक गंमत आहे. सोळाव्या स्थानाचे नाव ‘अंत्य’, म्हणजे शेवटचे. परंतु त्या ‘शेवटच्या’ नंतर आणखी दोन नावे आहेतच! नावे ठेवणाऱ्याला कधीतरी वाटले असावे, की आता पुरे, याच्यापुढे कोण जातो? आणि मग कोणीतरी पुढे गेलाच. भास्कराचार्यांनी मात्र स्पष्टच सांगितले आहे, की ही नावे पूर्वीच्या लोकांनी व्यवहारासाठी ठरविलेली आहेत. अर्थात परार्धापाशी नावे थांबली ती आपल्या सोयीसाठी. संख्या तेथे थांबली असा त्याचा अर्थ नव्हे.

जी अडचण नावांची, जी अडचण नाणेघाटातील चिन्हांची, ती दूर केली शून्याने आणि स्थानमूल्याने. एकच पाचाचा अंक एकंस्थानी पाच, दहंस्थानी पन्नास आणि शतंस्थानी पाचशे होतो. या युक्तीमुळे केवळ दहा अंकांत कितीही मोठी संख्या लिहिता येते. नवे चिन्ह कधीच लागत नाही. परार्धावर आणखी एक शून्य द्या, दोन द्या, पानभर द्या. नाव नसले म्हणून काय बिघडले? संख्या लिहिली गेली.

ग्रीक लोकांपाशी ही युक्ती नव्हती. तरीही इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीज या महान गणितज्ञाने एक धाडस केले. वाळूचे कण अगणित आहेत, असे त्याच्या काळचे काही लोक म्हणत. आर्किमिडीजने राजा गेलॉन याला उद्देशून एक छोटा ग्रंथ लिहिला आणि दाखवून दिले, की समुद्रकाठची वाळूच काय, त्या काळी कल्पिलेले सारे विश्व वाळूने काठोकाठ भरले, तरी कणांची संख्या सांगता येते. त्यासाठी त्याने मोठ्या संख्या मांडण्याची स्वतःची नवी पद्धत रचली. त्याचे उत्तर आपल्या पद्धतीने लिहिले, तर ते एकावर त्रेसष्ट शून्यांच्या आत येते. पवनेच्या पात्रातील वाळूला असंख्य म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आजच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे, दुर्बिणींच्या आवाक्यात येणाऱ्या विश्वातील सगळ्या अणूंची संख्या एकावर सुमारे ऐंशी शून्ये एवढी आहे. म्हणजे ऐंशी शून्यांची ती संख्या तुमच्या वहीच्या तीन-चार ओळींत मावली, आणि विश्वातले अणू संपले! शाळेतील एखाद्या मुलाने पुढच्या ओळीवर आणखी शून्ये काढली, तर ती संख्या मोजण्यासाठी विश्वात पुरेशा वस्तूच उरणार नाहीत. तरीही ती संख्या आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संख्या कोठे संपतात काय? हे ठरविण्यासाठी मोजीत बसण्याचा मार्ग निरुपयोगी आहे. हजार वर्षे मोजले आणि शेवट आला नाही, तरी त्यावरून शेवट नाहीच असे सिद्ध होत नाही. कदाचित तो पुढच्याच वळणावर असेल. येथे विचारानेच वाट काढली पाहिजे. समजा, कोणी मोठ्या खात्रीने म्हणाला, ‘ही पाहा शेवटची संख्या!’ ती कोणती, हे आपण विचारणारदेखील नाही. ती कितीही मोठी असो. तिच्यात एक मिळवा. जी संख्या आली, ती तिच्याहून मोठी आहे. तेव्हा जिला तो शेवटची म्हणत होता, ती शेवटची नव्हती. हीच गोष्ट कोणत्याही संख्येविषयी म्हणता येते. म्हणून शेवटची संख्या असूच शकत नाही.

किती थोडक्यात काम झाले! दोन लहान मुले ‘माझे शंभर’, ‘माझे एकशे एक’ असे म्हणत भांडतात, तेव्हा नकळत हीच सिद्धता त्यांच्या तोंडी असते. ज्याची मोजणी कोणाही माणसाला कधीच पुरी करता येणार नाही, त्याविषयी आपल्याला निश्चित ज्ञान होऊ शकते, ही गणिताची करामत होय. संख्यांच्या या न संपण्यालाच आपण ‘अनंत’ म्हणतो. प्राचीन जैन ग्रंथकारांनी तर मोजण्याचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वर्गच पाडले होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अनंत ही सर्व संख्यांच्या पलीकडे बसलेली एखादी राक्षसी संख्या आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. तशी ती असती, तर तिच्यात एक मिळवून आपण तिलाही मागे टाकले असते. भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात या विषयाचा मोठा सुंदर विचार केला आहे. बारा भाकरी प्रत्येकी तीन याप्रमाणे वाटल्या, तर चार जणांना पुरतात. प्रत्येकी एक दिली, तर बारा जणांना. अर्धी दिली, तर चोवीस जणांना. भाकरीचा शंभरावा तुकडा दिला, तर बाराशे जणांना. वाटा जसजसा लहान, तसतशी माणसे अधिक. मग वाटा शून्यच झाला तर? छेदस्थानी शून्य असलेल्या अशा राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ हे नाव दिले. ‘ख’ म्हणजे शून्य. ते म्हणतात, की या राशीत काही मिळविले अथवा तिच्यातून काही काढून घेतले, तरी तिच्यात फरक पडत नाही. ज्याप्रमाणे सृष्टीच्या वेळी असंख्य जीव बाहेर पडले व प्रलयाच्या वेळी आत सामावले, तरी अनंत अशा अच्युताच्या ठिकाणी काही विकार होत नाही.

आजचे गणित शून्याने भागण्यास परवानगी देत नाही. कारण शून्य भाकरी किती जणांना ‘पुरतील’, या प्रश्नाला एकच एक निश्चित उत्तर देता येत नाही. तेवढ्यापुरते भास्कराचार्यांचे विधान आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पण अनंतात भर घातली तरी ते वाढत नाही, हे त्यांनी जे ओळखले, ते मात्र फार खोल होते. ते कसे, हे एका दिंडीवरून पाहू.

शिरगावापासून देहू जवळच आहे. आषाढी वारीला तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते. तिच्याबरोबर दिंड्या असतात आणि दिंड्यांना क्रमांक असतात. आता मनाशी अशी एक दिंडी कल्पा, की जिच्यात वारकरी एकामागे एक चालले आहेत. पहिला, दुसरा, तिसरा, आणि अशी ही रांग कधी संपतच नाही. प्रत्येक जागा भरलेली आहे. इतक्यात एक नवा वारकरी येतो आणि म्हणतो, ‘माउली, मला जागा द्या.’ साध्या रांगेत त्याला शेवटी उभे राहावे लागते. येथे तर शेवटच नाही! मग काय करावे? वीणेकरी सर्वांना सांगतो, ‘माउली, प्रत्येकाने एक पाऊल मागे व्हावे.’ पहिला दुसऱ्याच्या जागी जातो, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा चौथ्याच्या. कोणीही रांगेबाहेर पडत नाही, कारण बाहेर पडावे लागेल असा शेवटचा माणूसच नाही. पहिली जागा मोकळी होते. नवा वारकरी आत आला, तरी दिंडी पूर्वीएवढीच!

याहून नवल पुढेच आहे. समजा, तेवढीच लांब, कधी न संपणारी दुसरी एक दिंडी येऊन मिळाली. आता एकेक पाऊल मागे होऊन भागणार नाही. तेव्हा वीणेकरी सांगतो, ‘प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या दुप्पट क्रमांकाच्या जागी जावे.’ पहिला दुसऱ्या जागी, दुसरा चौथ्या, तिसरा सहाव्या. सगळ्या विषम जागा रिकाम्या झाल्या, आणि त्या कधी न संपणाऱ्या आहेत. दुसरी दिंडी त्यांत सुखाने सामावली. जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी विसाव्या शतकात हाच विचार अनंत खोल्यांच्या एका उपाहारगृहाच्या कथेने आपल्या श्रोत्यांना समजावून दिला होता. त्यांच्या पाहुण्यांपेक्षा आपले वारकरी अधिक समजूतदार, असे मला वाटते. वारंवार जागा बदलूनही कोणी कुरकुरत नाही.

या गोष्टीतून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. सम संख्या या सर्व संख्यांच्या निम्म्याच असल्या पाहिजेत, असे आपल्याला वाटते. परंतु १ ला २, २ ला ४, ३ ला ६ अशी जोडी लावीत गेले, तर कोणीही बिनजोडीचा राहत नाही. पंगतीत प्रत्येक पत्रावळीवर एक माणूस आणि प्रत्येक माणसापुढे एक पत्रावळ असली, की न मोजताही आपण म्हणतो, दोन्ही सारख्याच. त्याच न्यायाने सम संख्या सर्व संख्यांइतक्याच आहेत! इटलीतील गॅलिलिओने इ. स. १६३८ मधील आपल्या ग्रंथात १, ४, ९, १६ अशा वर्गसंख्यांविषयी हेच कोडे मांडले होते. भाग हा पूर्णाहून लहान असतो, हा आपला नित्याचा नियम. अनंताच्या राज्यात तो चालत नाही.

मग सगळी अनंते सारखीच काय? तसेही नाही. जॉर्ज कँटर (१८४५–१९१८) या जर्मन गणितज्ञाने प्रथम १८७४ साली आणि पुढे १८९१ साली अधिक सोप्या रीतीने दाखविले, की काही अनंते दुसऱ्या अनंतांहून मोठी असतात. त्यांची युक्ती थोडी बारकाईने पाहिली पाहिजे. पांढऱ्या आणि काळ्या मण्यांच्या, कधी न संपणाऱ्या माळा आहेत अशी कल्पना करा. कोणी म्हणतो, ‘अशा जेवढ्या म्हणून निरनिराळ्या माळा होऊ शकतात, त्या सर्वांना मी पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक दिले आहेत.’ त्याच्या यादीचा आरंभ असा आहे, असे समजू:

पहिली माळ: पांढरा, काळा, पांढरा, काळा…
दुसरी माळ: काळा, काळा, काळा, काळा…
तिसरी माळ: पांढरा, पांढरा, काळा, पांढरा…
चौथी माळ: काळा, पांढरा, पांढरा, पांढरा…

आता आपण एक नवी माळ ओवू. पहिल्या माळेचा पहिला मणी पांढरा आहे, म्हणून आपला पहिला मणी काळा. दुसरीचा दुसरा काळा, म्हणून आपला दुसरा पांढरा. तिसरीचा तिसरा काळा, म्हणून आपला तिसरा पांढरा. चौथीचा चौथा पांढरा, म्हणून आपला चौथा काळा. असेच पुढे चालू द्या. ही माळ पहिल्या माळेसारखी नाही, कारण पहिला मणी वेगळा. दुसरीसारखी नाही, कारण दुसरा मणी वेगळा. यादीतील कोणत्याही माळेशी ती जुळत नाही. म्हणजे यादीतून एक माळ निसटलीच. आणि यादी कशीही केली, तरी हीच युक्ती पुन्हा लागू पडेल. क्रमांक अनंत आहेत, तरीही ते या माळांना पुरत नाहीत! कँटर यांचे हे विचार त्यांच्या काळच्या कित्येक विद्वानांना रुचले नाहीत. त्यांना कडवा विरोध झाला. आज मात्र जगभरच्या विद्यापीठांत ते शिकविले जातात.

अनंत केवळ मोठ्या गोष्टींतच असते असे नाही. आपल्या जुन्या मापांत शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी प्रत्येक पायरीला निम्मी होत जाणारी मापे होती. छटाकापाशी व्यवहार थांबे. पण संख्येचे निम्मे करणे थांबत नाही. शिरगावाहून सोमाटण्यास चालत जाणारा माणूस आधी अर्धी वाट चालतो, मग उरलेल्याची अर्धी, मग उरलेल्याची पुन्हा अर्धी. या तुकड्यांना अंत नाही. तरी सगळे मिळून वाट एकच, आणि माणूस वेळेवर सोमाटण्यास पोहोचतोही! तुकडे अनंत असले, तरी त्यांची बेरीज अनंत असलीच पाहिजे असे नाही.

आणखी एक प्रश्न. संख्या संपत नाहीत हे ठरले. पण संख्यांच्या एखाद्या विशिष्ट जातीचे काय? ज्या संख्येला एक व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही नि:शेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या. पुढे पुढे त्या विरळ होत जातात. मग त्या कोठे संपतात काय? ग्रीक पंडित युक्लिड याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी याचे उत्तर दिले. समजा, २, ३, ५, ७, ११ व १३ एवढ्याच मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार ३०,०३० येतो. त्यात एक मिळवा: ३०,०३१. या संख्येला त्या सहांपैकी कोणीही भागले, तरी एक बाकी उरते. तेव्हा एक तर ती स्वतः मूळ संख्या असली पाहिजे, नाहीतर तिला भागणारी कोणी नवी मूळ संख्या असली पाहिजे. येथे ५९ गुणिले ५०९ बरोबर ३०,०३१ होतात. दोन्ही मूळ संख्या आपल्या यादीत नव्हत्या. कितीही लांब यादी घेतली, तरी असेच होणार. म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. २०२४ साली सापडलेली एक मूळ संख्या चार कोटी दहा लक्षांहून अधिक अंकांची आहे. एका पानावर दोन हजार अंक छापले, तरी ती छापण्यास वीस हजारांवर पाने लागतील. तिच्याही पुढे मूळ संख्या आहेत, हे युक्लिडच्या सिद्धतेने आपल्याला पक्के ठाऊक आहे.

अशीच एक जात आपल्या महाराष्ट्रातील एका शाळाशिक्षकाने शोधून काढली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षक होते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद होता. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिचेच अंक मिळवावे: ४७ मध्ये ४ आणि ७ मिळविले, की ५८ होतात. म्हणजे ५८ चा जन्म ४७ पासून झाला. मग प्रत्येक संख्येला असा कोणी जनक असतो काय? २० घ्या. कोणतीही संख्या घेऊन असे केले, तरी वीस येत नाहीत. अशा, जनक नसलेल्या संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ हे नाव दिले. ९, ९७, ९०५, ८,९१३ या स्वयंभू संख्या आहेत. यांतील गंमत पाहा: ९ मध्ये ८८ मिळविले की ९७, त्यात ८०८ मिळविले की ९०५, त्यात ८,००८ मिळविले की ८,९१३. हा क्रम असाच पुढे चालविला, तरी दर वेळी स्वयंभू संख्याच हाती येते, हे सिद्ध करता येते. तेव्हा स्वयंभू संख्यांनाही शेवट नाही. कापरेकरांच्या या कामाची आरंभी अनेकांनी उपेक्षा केली. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले.

मात्र सगळीच उत्तरे मिळालेली आहेत, असे समजू नका. ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१ या जोड्या पाहा. प्रत्येक जोडीत दोन्ही मूळ संख्या असून त्यांत अंतर दोनाचेच आहे. यांना जोडमूळ संख्या म्हणतात. अशा जोड्या अनंत आहेत, की एखाद्या जोडीपाशी त्या कायमच्या संपतात? २०१३ साली यीतांग झांग या गणितज्ञांनी दाखविले, की ज्यांच्यातील अंतर सात कोटींहून कमी आहे, अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. वर्षभरातच इतर गणितज्ञांनी सात कोटींचे ते अंतर २४६ पर्यंत खाली आणले. दोनशे सेहेचाळिसांपासून दोनपर्यंतची वाट अजून कोणालाही चालून जाता आलेली नाही.